दिवा सोडला होता

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात काष्टीला नव्या घराचा पाया आखला, तेव्हा घरात एकच वाद होता: तळघर करायचं की नाही. आमच्या मंडळींना, दमयंतीला, ज्वारी आणि लोणच्याच्या बरण्या थंड राहतील अशी जागा हवी होती. मी नको म्हणत होतो आणि कारण सांगत नव्हतो. शेवटी श्रीमंत नावाच्या गवंड्याने तोडगा काढला.

"मास्तर, समद्या घराखाली नगं. निम्म्याच करू, माजघरापुरतं."

"मग पूर्वेच्या निम्म्याखाली कर. पश्चिमेला कुदळ लावायची नाही."

श्रीमंत हसला. "का वो, तिकडं हंडा पुरलाय व्हय?"

हंडा नव्हता, पेव होतं. ज्वारी साठवायला जमिनीत खणलेला रांजणच तो. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट खोलीएवढं. बंद पेवातली हवा जीव घेते. म्हणून उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीने कंदील आत सोडायचा. दिवा विझला तर उतरायचं नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि मी तर शाळेत सृष्टिज्ञान शिकवतो.

लढाईच्या दिवसांत लेव्हीचं धान्य न्यायला सरकारी माणसं गावात आली, तेव्हा माझ्याकडे दडवायला सहा पोती होती. पेव त्याच सकाळी उघडलं होतं. आमचा गडी आसाराम काठावर थांबला.

"मास्तर, आदी दिवा सोडा."

"अरे, ते मारुतीच्या देवळापर्यंत आलेत. उतर."

तो उतरला. मी वरून पोती सोडली. त्याला बाहेर काढायला वेळ नव्हता, म्हणून वाकून नुसती हाक मारली, "आसाराम होऽ!" आतून "होऽ" आलं. मी तोंडावर शिळा ओढली, वर सतरंजी टाकली आणि पाहुण्यांना तिच्यावरच बसवून चहा पाजला. पेवाचं पोट हाकेचं शेवटचं अक्षर परत देतं हे मला माहीत होतं. पण त्या वेळी मला 'हो' हवं होतं, ते मिळालं.

तासाने शिळा काढली. आसाराम पोत्याला टेकून बसला होता आणि अंग गार पडलं होतं.

"दिवा सोडला होता," मी गावाला सांगितलं. "विझला. मी नको म्हणालो, त्याने ऐकलं नाही."

गावाने मास्तरावर विश्वास ठेवला. पेव बुजवलं. पुढे कोणी घाई केली की लोक चिडवायला लागले, "आसाराम झाला का रं तुझा?" त्याची बायको केशरबाई माझ्याकडेच कामाला राहिली. तीही मान खाली घालून म्हणायची, "उतावळाच हुता माजा मानूस." ते ऐकलं की मला माझीच लाज वाटायची. तरी मी गप्प बसायचो.

पूर्वेचा खड्डा तिसऱ्या दिवशी पुरुषभर खोल गेला. पंधरा हात लांब, दहा हात रुंद, कडेला घट्ट मुरूम आणि वर सगळं आभाळ. सकाळी श्रीमंतने खाली काम करणाऱ्या बेलदाराला हाक दिली, "सहादेव होऽ!"

"होऽ," खालून आलं.

सहादेव आमच्या मागे माठापाशी पाणी पीत होता.

"आवाज फिरला," मी म्हणालो. एवढ्या उघड्या खड्ड्यात आवाज फिरत नाही, हे मीच मुलांना शिकवलेलं आहे.

दुपारी खाली जुन्या ज्वारीचा आंबूस वास यायला लागला. सहादेव डोकं गरगरतंय म्हणून वर आला. श्रीमंतने भर उन्हात कंदील पेटवून दोरीने सोडला. बाभळीचं पान हलत नव्हतं. तळापासून गुडघाभर वर दिवा विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा तिथेच विझला.

केशरबाई मातीची रिकामी पाटी घेऊन काठावर उभी होती.

"मास्तर," ती म्हणाली, "त्या दिशीबी असाच इझला हुता का वो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायची तीच वेळ होती. पण चार वर्षं घोकलेलंच तोंडातून आलं.

"हो. दिवा सोडला होता."

"न्हाई," खड्ड्यातून आलं.

आवाज मोठा नव्हता. जेवलास का विचारलं की आसाराम म्हणायचा, तसंच हळू.

कोणी पळालं नाही. कोणी माझ्याकडे बघितलंही नाही.

केशरबाईने पाटी खाली ठेवली. पदर सावरला आणि काठावर वाकली.

"मग मास्तर काय म्हनलं वो तुमाला?"

मग उत्तर आलं. या वेळी आवाज माझा होता.

"अरे, ते मारुतीच्या देवळापर्यंत आलेत. उतर."