मध्यान्हपूरचा मांडव

या मंडळी, असे जवळ सरका. चिपळ्या खाली ठेवते. आज एका वाऱ्याची गोष्ट सांगायची आहे.

अचला नावाचा ग्रह. त्याचं एक तोंड कायम सूर्याकडे, दुसरं कायम अंधारात. उजेडाच्या ऐन मध्यावर मध्यान्हपूर. सूर्य डोक्यावरून हलतच नसे, म्हणून माणसं तळघरांत राहायची. द्वारका तिथल्या वायुशाळेची, म्हणजे वाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या शाळेची प्रमुख. तिचा नवरा निवृत्ती बिनइंजिनाच्या वातनौकेतून अंधारातल्या वस्तीला औषधं द्यायला गेला होता. उंचावरच्या वाऱ्याने गेला, आता जमिनीलगतच्या वाऱ्याने परतत होता.

त्याच्या स्वागताला गावाने मांडव घातला. मांडव कसला, तिच्या दिराने, मुकुंदाने, आयुष्य वेचून विणलेला छायामांडव. थेट अंतराळात उलगडलेला, साऱ्या मुलखावर सावली धरणारा! माणसं वर आली, भजनाला बसली. पोरं अनवाणी धावली. म्हाताऱ्या पाण्यात बुडवावा तसा सावलीत हात बुडवून बघत होत्या.

द्वारका मात्र वेशीवरच्या पताकेकडे बघत होती. आजवर ती गावाकडे फडकायची. आज गावाकडे पाठ करून फडकत होती.

"भावजी, मांडव काढा."

मुकुंदा हसला. "वहिनी, पाहुणा तरी येऊ द्या!"

"तुमच्या मांडवानंच अडवलंय त्यांना."

"मांडव कुठे, दादा कुठे!"

"ऊन लागलं की हवा हलकी होते, वर चढते, इथला दाब उतरतो. मग अंधारातली गार, जड हवा धावत येते. पृथ्वीवर विषुववृत्तापाशी हेच होतं. फक्त पृथ्वी गिरकी घेते म्हणून तिथले वारे तिरपे वळतात. आपले सरळ अंगणात येतात."

मुकुंदाचा चेहरा उतरला. "आणि सावलीत इथलीच हवा गार, जड..."

"दाब चढतो. आपणच त्यांना अंधारात ढकलतोय, भावजी."

तेवढ्यात संदेशयंत्रातून निवृत्तीचा आवाज आला. "द्वारके, नाव मागे सरकतेय गं. ऊबपेटी विझत आलीय. पण तुमचं भजन ऐकू येतंय, चालू राहू दे."

"उलगडलेला मांडव मिटत नाही, वहिनी," मुकुंदा म्हणाला. "कापावा लागेल."

"पुन्हा विणाल?"

"विणून काय करू? सावली आली की वारा जाणार." आणि त्याने स्वतःच कळ दाबली.

आकाशात चंदेरी चिंध्या तरंगत सुटल्या. ऊन कोसळलं. तळघरात मात्र कुणी उतरेना. गावातली म्हातारी राधाक्का खडकावर हात फिरवत, चुलीवरच्या तव्याला सांगावं तशी म्हणाली, "ताप रे लवकर, पोरगं वाटेत आहे." सगळे घामाघूम होऊन गात राहिले. द्वारका मनात हरीला विनवत होती.

पताका लोंबली. डुलली. मग हळूच गावाकडे वळली.

द्वारकेच्या गालावरून गार बोट फिरवावं तशी झुळूक गेली. क्षितिजावर एक ठिपका थरथरला आणि मोठा होऊ लागला.

तर मायबापहो, वारा कुणाच्या तरी उन्हाकडेच निघालेला असतो. कधी गालाला गार झुळूक लागली, तर ती जिथे चाललीय तिथे उन्हात उभं असलेल्याची तेवढी आठवण ठेवा.