न मिटणारे डोळे

डोळ्यांच्या ओपीडीच्या पायऱ्या उतरताना चेतनाने कठडा धरायला हात पुढे केला… आणि हातात आली एका माणसाची बाही.

“कठडा इकडे आहे, मॅडम.”

“माफ करा… मले सगळं दोन-दोन दिसून राहिलं. तुम्हीबी दोन आहात.”

“मग त्यातला जो जरा बरा दिसते, तो धरा!”

तिने मान तिरपी करून पाहिलं. त्याच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात काम करताना लोखंडाचा कण डोळ्यात गेला होता.

“मले आज एकच डोळा, अन् तुमले सगळं डबल,” तो म्हणाला. “दोघं मिळून रस्ता पार होऊन जाईल… चला.”

कित्येक महिन्यांनी चेतना हसली. बुद्धभूषण त्याचं नाव. फेब्रुवारीच्या धुळकट वाऱ्यात त्याने तिला ऑटोपर्यंत नेलं आणि ऑटो सुटता-सुटता, लाजत, नंबर मागितला.

चेतना एकतीस वर्षांची. वडील, देवीदास, रेल्वेतून निवृत्त झालेले. ती स्वतः नवा रायपूरला मंत्रालयात कामाला. दीड वर्षापूर्वी तिचं शरीर तिच्यावरच उलटलं होतं. आधी गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी बेफाम झाली — छाती धडधडायची, हात थरथरायचे. मग डोळे खोबणीतून पुढे येऊ लागले, नीट मिटेनासे झाले. बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहा पिऊन निरोप धाडला, ‘पोट्टी भेदरल्यासारखी पाहते.’ त्या दिवशी तिने खोलीतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. आणि आता गळ्यात गाठ निघाली होती. सुईची तपासणी झाली. कॅन्सर.

तिसऱ्या भेटीत, तेलीबांधा तलावाच्या काठावर, तिने त्याला सगळं सांगून टाकलं. त्याला पळायचं असेल तर आत्ताच पळू दे.

“हा कॅन्सर हळू वाढते, म्हणतात डॉक्टर. आधी ग्रंथी काढतील, मग उरलंसुरलं जाळाले आयोडीनचं औषध देतील. पण त्या औषधानं डोळे अजून बिघडू शकतात. एकाले सांभाळावं तर दुसरं हातचं जाते.”

त्याने खिशातून सिगारेट काढली, न पेटवताच बोटांत धरली. “मी काय करू… सांगा.”

“सिगारेट सोडा. या डोळ्यायले धूर म्हणजे जहर आहे.”

“सोडली. आजपासूनच.”

सोडली नव्हती. महिनाभराने तो जवळ वाकून तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होता, तेव्हा तिला वास आला.

“खोटं काहून बोलला तू?” तुम्हीचं तू झालं ते असं, रागात.

“चौदा वर्षांची सवय आहे, चेतना…”

“चौदा वर्षं थांबाले माझ्यापाशी वेळ नाही आहे!”

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. ग्रंथी निघाली, शेजारच्या दोन गाठीही निघाल्या. शुद्धीवर आली तेव्हा तिचा आवाज गेला होता. नुसती घोगरी कुजबुज उरली होती. बुद्धभूषण रोज यायचा, ऐकायला कान तिच्या ओठांजवळ न्यायचा.

“मुद्दाम हळू बोलून राहिली तू…”

“हव,” ती कुजबुजायची, आणि टाके दुखत असतानाही गालात हसायची.

तीन आठवड्यांनी आई तिला सदर बाजारात साडी घ्यायला घेऊन गेली. दुकानदाराने लालभडक साडी उलगडली. चेतनाने डावा डोळा झाकून पाहिलं. साडी मातकट, विझलेली. उजवा झाकला, तर लाल.

डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं. उजव्या डोळ्यामागच्या सुजेने नजरेची नस दाबली जात होती. सलाइनमधून औषध दिलं, तरी पुरेना. शेवटी खोबणीचं हाड कापून डोळ्याला जागा करून द्यावी लागली. नजर वाचली, पण अर्धीमुर्धी. आयोडीन पुढे ढकललं. गळ्यात काय उरलंय ते तसंच राहिलं, वाट बघत.

त्या वॉर्डात तिने त्याला सांगितलं, “जा तू. नको येऊ आता.”

तो गेला. एका शब्दानेही हट्ट न करता गेला… आणि सतरा दिवस त्याचा फोनही आला नाही. जा म्हणणारी तीच होती, पण दाराशी पाऊल वाजलं की तिची मान आधी वळायची.

अठराव्या दिवशी तो घरी आला. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले.

“घाबरलो होतो,” उभ्या-उभ्याच म्हणाला. “माझ्या बाबाले तोंडाचा कॅन्सर होता. शेवटचे दोन महिने मी त्याच्या खोलीत गेलोच नाही. ड्यूटी आहे सांगायचो. तो आवाज देत राहायचा… यावेळीबी तसाच पळालो.”

“अन् सिगारेट?”

“सतरा दिवस झाले. विचारू नको कसे काढले.”

ती रडली. नीट न मिटणाऱ्या डोळ्यांतून पाणी सरळ गालांवर उतरलं. ‘माफ केलं’ असं काही ती म्हणाली नाही. फक्त म्हणाली, “बस.”

ऑगस्टमध्ये, डोळ्यांसाठी गोळ्यांचं संरक्षण देऊन, आयोडीन दिलं. तीन दिवस ती बंद खोलीत एकटी होती. घरी आल्यावरही आठवडाभर कुणाच्या जवळ बसायचं नव्हतं. औषधाचे किरण अंगातून निघत होते. देवीदासांनी अंगणाच्या एका टोकाला तिची खुर्ची ठेवली, दुसऱ्या टोकाला त्याची.

“ऐक,” ती फाटक्या आवाजात म्हणाली. “वर्षभर मुलाचा विचारबी करता येणार नाही. हा डोळा असाच राहील. गोळी जन्मभर. अन् कॅन्सर परत नाही येणार, असं कोणीच लिहून देत नाही आहे.”

“झालं?”

“झालं.”

“मग माझं ऐक. मी भित्रा आहे. परत भीती वाटन मले. पण यावेळी खोलीच्या आतच बसून घाबरीन.” तो खुर्चीतच पुढे झुकला. “तू आवडतेस मले, चेतना… लग्न करशील?”

तिने दोन्ही खुर्च्यांमधलं अंगण नजरेने मोजलं. तो रोज येत राहिला, अंगणाच्या त्या टोकाला बसून कारखान्याच्या गोष्टी मोठ्याने सांगत राहिला. डॉक्टरांनी दिलेली मुदत संपली त्या सकाळी चेतना उठली. आईने हात पुढे केला, तो तिने नाकारला. स्वतःची खुर्ची फरशीवरून खरखर ओढत तिने अंगण पार केलं आणि त्याच्या खुर्चीला चिकटवून ठेवली.