हस, मग उघडतो

अरे, ते मोबाइल ठेवा बघू खाली. वीज आली की मग काय ते बघा. आणि मध्येच कोणी खिदळलं तर मी सांगायचं बंद करीन. खरी गोष्ट आहे. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली, आणि तो काही थापा मारणाऱ्यातला नाही.

साडू लिफ्ट दुरुस्त करतो. गेल्या जानेवारीतला शेवटचा रविवार, रात्रीचे साडेनऊ. जेवायला बसणार तोच एका इमारतीच्या रखवालदाराचा फोन आला. लिफ्ट मधेच अडकलीय, आतून कोणीतरी दार ठोकतंय. बायको म्हणाली, "दोन घास खाऊन जा." हा म्हणाला, "तिकडे माणूस अडकलाय, घास घशाखाली कसा उतरेल?" निघाला.

त्याला बंद जागेचं भारी वावडं. शाळेत चार जिवलग दोस्त होते याचे. एके दिवशी त्यांनीच याला खेळाच्या सामानाच्या पेटीत कोंबलं आणि वर बसले. झाकणात करंगळी चेंगरली, ती आजही वाकडी आहे. हा रडायला लागला तसा त्यांचा म्होरक्या, लंब्या, वरून म्हणाला, "रड्या, हस. हस, मग उघडतो." हा आत हुंदके देत हसला. तरी उघडलं नाही. संध्याकाळी शिपायाने काढलं. तेव्हापासून त्या चौघांचं नाव निघालं की याचं डोकं फिरायचं. त्या रागापायी स्वतःच्या पोरांचं हसणंही सोसवेना त्याला.

तर, हा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला. मेन स्विच बंद केला. आता हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणायची. पण त्याआधी अडकलेल्याशी बोलायचं, ही त्याची रीत. दोर खाली जातात त्या भोकाशी वाकून म्हणाला, "घाबरू नका. कोण आहे आत?"

खालून आवाज आला.

"रड्या... तूच ना?"

साडूचा हात चाकावरून सुटला. त्या नावाने हाक मारणारे जगात चौघंच.

"लंब्या?"

"उघड ना रे... खूप अंधार आहे..."

हा चाकापासून मागे सरला. मनात म्हणाला, बस तसाच. मीही बसलो होतो.

मग खालून हसू आलं. कोरडं. हुंदक्यांत अडकलेलं.

"हसतोय रे मी... बघ... हसतोय ना..."

"मग उघडलं का हो, काका?"

उघडलं का म्हणून विचारतोस? अरे, साडू सांगतो, इतकी वर्षं ज्याचं वाईट चिंतलं तो तसा हसायला लागला, आणि मला माझंच रडू ऐकू आलं. ओरडला, "नको रे हसू! तसंच उघडतो!" चाक फिरवत राहिला. डोळ्यांना धार लागली होती.

धावत खाली आला. रखवालदाराने दार उघडलं.

आत... कोणी नाही.

रखवालदार पांढराफटक. "चौथ्या मजल्यावरचे ते उंच साहेब... सकाळीच वारले. याच लिफ्टमधून खाली नेलं..."

साडूने बॅटरी मारली. दाराच्या आतल्या बाजूला, धुळीत, पंजा उमटलेला. मोठ्या माणसाचा. लांब बोटांचा.

त्याच्या शेजारी, जरा खाली, अजून एक. लहान पोराचा.

करंगळी वाकडी.