हाफोदचा जॉन जोन्स

उत्तर वेल्समधल्या त्या खाणीच्या गावात नेस्टा बसमधून उतरली तेव्हा पाऊस थांबला होता, पण डोंगरावरचं धुकं खाली सरकत होतं. पिशवीत आईच्या राखेचा डबा होता आणि वर एक खुरपं.

आईनं आपल्या वडिलांना कधी पाहिलंच नव्हतं. ती पोटात असताना ते पाटीच्या दगडाच्या खाणीत दरडीखाली गेले आणि आजी गाव सोडून लिव्हरपूलला गेली. "जिवंतपणी नाही, निदान मेल्यावर तरी मला त्यांच्या शेजारी ठेव," एवढंच आईनं मागितलं होतं. नेस्टाला ते पार पाडायचं होतं, आणि परतीची शेवटची बसही गाठायची होती.

चॅपेलच्या दफनभूमीच्या फाटकाची किल्ली शेजारच्या घरात तेग्वेन नावाच्या म्हातारीकडे असायची. तिनं नेस्टाच्या आजोबांचं नाव ऐकलं आणि ती खो खो हसली.

"जॉन जोन्स? अगं पोरी, या दफनभूमीत कुठलाही दगड उलटव, खाली जॉन जोन्सच निघेल! घर सांग, घर. आडनावानं इथं कोण कुणाला ओळखतंय?"

"हाफोद, मावशी. हाफोदच्या शेतावरचे, खाणीत गेलेले माझे आजोबा."

"हाफोदचा..." म्हातारीचं हसू मावळलं. "थांब जरा, काठी घेते. मी दाखवते."

पण नेस्टाला कुठला धीर! किल्ली घेऊन ती पुढे झाली. वरच्या रांगेत, शेवाळानं माखलेल्या एका दगडावर तिला हवं ते सापडलं: जॉन जोन्स, हाफोद. तारखा झिजून गेल्या होत्या. नाव जुळलं, घर जुळलं, आणखी काय हवं? तिनं गवत काढलं, खड्डा केला, राख ओतली, माती दाबली. मग तिला भरून आलं. "आजोबा, तुमच्या लेकीला, लोवरीला आणलंय," ती मोठ्यानं म्हणाली.

तेवढ्यात धापा टाकत तेग्वेन आली आणि दगड पाहून जागीच थबकली.

"इथं नाही गं... तुझा आजोबा खाली, भिंतीपाशी आहे. खाणीतला जॉन गेल्यावर हाफोद यानं कसायला घेतलं. हाही जॉन जोन्सच."

"मग काढते परत. त्यात काय एवढं?"

"याची पोर घरातून पळाली होती. का पळाली, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कुणीच नाही. मरेपर्यंत हा डोंगरावर हाका मारत हिंडायचा. कुठल्याही पोरीचं नाव कानावर पडलं, की त्याच नावानं... ओ द्यायची नाही, असं आम्हाला बजावलेलं असायचं." तिनं नेस्टाचं मनगट धरलं. "तू नाव घेतलंस का इथं?"

नेस्टानं गुडघे टेकले आणि खुरप्यानं माती उकरली. मग हातांनी उकरली. पार कोपरापर्यंत हात गेला. काळी, ओली माती होती; राखेचा कणही नव्हता.

वर धुक्यात, हाफोदच्या वाटेवर, कुणी पुरुष मायेनं हाक मारत होता. "लोवरी... चल घरी, बाळा."

"आले, बाबा!"

आवाज लहान मुलीचा होता, पण हेल आईचाच. इतक्या आनंदात नेस्टानं आईला उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"आई, ते नव्हेत! आई..." नेस्टा किंचाळली. पण आईनं वडिलांचा आवाज कधी ऐकला होता, की तिला कळावं? लहान पावलं धावत वर गेली. दूर कुठंतरी एक दार लागलं.

मग खाली भिंतीपाशी, जमिनीच्या आतून, कुणीतरी दगडावर ठोकायला लागलं.