आठ बैठका

मुलीनं पाठवलेल्या यादीत सहा समुपदेशकांचे नंबर होते. पहिला नंबर अस्तित्वातच नव्हता. दुसऱ्यावर एका ध्वनिमुद्रित बाईंनी मला आधी एक दाबायला लावलं, मग तीन, मग पुन्हा एक, आणि शेवटी सांगितलं की ही कामकाजाची वेळ नाही. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिसऱ्या गृहस्थांनी स्वतः फोन उचलला, माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी फक्त मोडायला आलेल्या लग्नांचं बघतो."

"माझं मोडलेलं नाही," मी म्हणालो, "संपलंय."

त्यांनी मला चौथा नंबर दिला. तो माझ्या यादीत होताच.

ही गेली त्याला आठ महिने झाले. मी निवृत्त शिक्षक. नोकरी संपल्यावर घरच्या पुढच्या खोलीत शिकवणी घ्यायचो. अकरा मुलं, पाच ते सहा, बहुतेक गणित. माझा एक नियम होता. सगळ्यात शेवटच्या मुलाला गणित समजेपर्यंत कुणी उठायचं नाही. मीही नाही. हा नियम मी शाळेत असल्यापासून चाळीस वर्षं पाळला आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या दिवशी चिमणीचं गणित अडलं होतं. नाव वेगळं आहे तिचं, पण बारीक अंगाची आणि सारखी मान वळवणारी, म्हणून सगळे चिमणीच म्हणतात. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. आतून हिनं हाक मारली, "अहो, जरा आत येता का?" मी म्हणालो, "एवढं गणित होऊ दे." चिमणी छेद समान करायला विसरत होती. मी तिला भाकरीचे तुकडे करावेत तसे कागदाचे तुकडे करून दाखवले. बारा मिनिटं लागली. आत गेलो तेव्हा ही पलंगाच्या कडेला बसलेली होती, भिंतीला टेकून. एका पायात चप्पल होती. दुसरी घालायची राहिली होती.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मुलीला तर नाहीच.

महिन्याभरानं शिकवणी पुन्हा सुरू केली. तिसऱ्याच दिवशी चिमणी पुन्हा अपूर्णांकात अडली आणि मी तिची वही भिंतीवर भिरकावली. "तुझ्यामुळं झालं हे," असं ओरडलो. ती रडली नाही. तिनं वही उचलली, दुमडलेलं पान हातानं सपाट केलं आणि पुन्हा माझ्यासमोर धरली. त्या संध्याकाळनंतर मी दार बंदच ठेवलं. पुढं एकदा रस्त्यात तिची आई भेटली. "गुरुजी, पोरगी रोज विचारते हो, क्लास कधी सुरू होणार." मला त्या बाईंकडं बघवेना. जे आत अडकलंय ते एकदा कुणापुढं तरी मोठ्यानं बोलल्याशिवाय त्या पोरीसमोर बसायचं नाही, एवढं मी ठरवलं. मला फक्त ऐकणारं एक माणूस हवं होतं. त्यासाठी सहा नंबर पुरे पडू नयेत?

चौथ्या ठिकाणी तीन महिने जागा नव्हती. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, आपण आधी बोललोय का? आवाज ओळखीचा वाटतोय."

"नाही."

"नाही कसं? परवाच तर... बरं, असेल दुसरं कुणी."

पाचव्या ठिकाणी फोनच नव्हता, मोबाइलवर अर्ज भरायचा होता. 'आपले दुःख एक ते दहा या प्रमाणात नोंदवा.' आयुष्यभर दुसऱ्यांना गुण दिले, स्वतःला द्यायची वेळ कधी आली नव्हती. बराच विचार करून साडेसात लिहिले. यंत्रानं अर्धा गुण नाकारला. आठ केले. चार पानं भरून झाल्यावर अक्षरं उमटली: 'या क्रमांकावरून नोंदणी आधीच झाली आहे.'

मी चिडून मुलीला फोन लावला. "माझा अर्ज परस्पर कशाला भरलास?"

"मी कुठं भरला? मला काय तुमच्या दुःखाचे गुण ठाऊक?" ती हसली. "पण बाबा, काल किती छान बोललात हो. किती दिवसांनी हसलात. मी ह्यांना पण सांगितलं."

"काल मी फोन केला नव्हता."

"झालं! आता थट्टापण सुरू झाली. असेच राहा."

तिनं आनंदात फोन ठेवला. मी माझा फोन तपासला. कालच्या तारखेला तिचा नंबर होता. एकेचाळीस मिनिटं. काल दुपारी मी झोपलो होतो, निदान मला तसंच आठवत होतं. म्हातारपणी विसर पडतो. मी ते तेवढ्यावर सोडून दिलं.

सहाव्या पत्त्यावर मात्र फोन न करता थेट गेलो. बुधवार होता. साडेपाच वाजत आले होते. चष्म्याच्या दुकानावर पहिला मजला, अरुंद जिना, वर काचेचं दार. आत फरशी नुकतीच पुसलेली होती आणि कोपऱ्यातला पंखा प्रत्येक फेरीला टक् असा आवाज करत होता. टेबलामागं पन्नाशीच्या एक बाई आवराआवर करत होत्या. मला बघून त्यांनी चष्मा वर सरकवला.

"काही विसरलं का, गुरुजी?"

"मी पहिल्यांदाच येतोय."

"काहीतरीच काय! आत्ता तर गेलात. तास नाही झाला." त्या मनापासून हसल्या. "आज शेवटची बैठक, आणि पेढे न देताच गेलात, म्हणून परत आलात होय?"

मी भेटींची नोंदवही मागितली. माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण त्यांनी ती मुकाट्यानं पुढं केली. आठ बुधवार, चारची वेळ, आठ सह्या. हजारो मुलांचं अक्षर तपासलेला माणूस आहे मी. नक्कल केलेली सही वळणावर थबकते, पेन उचललेलं कळतं. या सह्या कुठंही थबकल्या नव्हत्या. त्या माझ्या होत्या. पहिली उजवीकडं खाली घसरत गेली होती, हल्ली माझी घसरते तशी. दर आठवड्याला ती थोडी थोडी वर येत होती. आठवी अगदी सरळ होती.

आतल्या खोलीतून समुपदेशक बाई बाहेर आल्या. "अरे, तुम्ही!" असं म्हणून त्यांनी हात पुढं केला आणि तो मध्येच थांबवला. त्या माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या.

"तुम्ही त्यांचे भाऊ का?"

"मला भाऊ नाही. बाई, माझी पत्नी गेली. मला त्याबद्दल बोलायचंय. एवढंच काम आहे माझं. दोन आठवडे फिरतोय त्यासाठी."

"अकरा छेद बारा," त्या हलकेच म्हणाल्या.

चिमणीच्या त्या गणिताचं उत्तर होतं ते.

"त्यांनी सगळं सांगितलं मला," बाई म्हणाल्या. "हाक, कागदाचे तुकडे, ती चप्पल. चौथ्या बैठकीला खूप रडले. मग मोकळे होत गेले."

"कोण मोकळं झालं? मी इथं उभा आहे. माझं काहीच झालेलं नाही!" माझा आवाज चढला. "ते माझं होतं. मला बोलायचं होतं ते."

"मग बोला ना," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसलो. तोंड उघडलं. ही गेली तो दिवस, एवढं म्हणालो आणि पुढं काही आलं नाही. शब्द अडले असं नव्हतं. शब्दच नव्हते. कुणीतरी फळा पुसून गेल्यासारखं. फक्त छातीत दुखत होतं तेवढं जागच्या जागी होतं.

बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. "जाताना ते घाईत होते," त्या म्हणाल्या. "म्हणाले, मुलं येऊन थांबली असतील. आजपासून क्लास सुरू करतोय."

मी उठलो.

घर तिथून दहा मिनिटांवर. मी कदाचित सात मिनिटांत पोहोचलो.

दाराबाहेर चपलांचे अकरा जोड ओळीत लावलेले होते. ओळीत लावायची सवय मीच लावली होती.

दार आतून बंद होतं. आत कुणीतरी अपूर्णांक समजावून सांगत होतं. सावकाश, न चिडता, एकच गोष्ट तिसऱ्यांदा. मुलं हसली. माझ्यासमोर ती तशी हसली त्याला आठ महिने झाले होते.

मी दार वाजवलं.

फट उघडली. चिमणी होती. तिनं मला खालून वर बघितलं.

"चिमणे," मी म्हणालो, "त्या दिवशी मी वही..."

"त्याचं झालं की," ती म्हणाली. "गुरुजी काल आमच्या घरी आले होते. सॉरी म्हणाले. आईसमोर."

"अगं, मी गुरुजी."

तिनं मान वळवून आत बघितलं, मग माझ्याकडं.

"ते म्हणालेत, तुम्ही याल. मुलांनो, घाबरू नका म्हणालेत. तुम्ही काही करत नाही."

आतला आवाज थांबला. "चिमणे, आलेत का ते?" त्यात राग नव्हता. काळजी होती.

"हो, गुरुजी."

"सांग त्यांना."

ती फटीतून जवळ आली आणि पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, "दिवसा घर आमचं. अंधार पडल्यावर तुमचं. तुम्हाला झोप नसतेच ना, म्हणून."

मग तिनं दार लावलं. आजारी माणसाच्या खोलीचं लावतात तसं, आवाज न करता.

मी पायरीवर बसलो. समोरच्या भिंतीवर ऊन होतं. उन्हाळ्याचे दिवस. अंधार पडायला अजून दीड तास तरी होता.