न उघडलेला कप्पा

आमच्या औषधांच्या दुकानात विसराळू पेशंटांसाठी मी आठवड्याची कार्डं भरते. प्रत्येक वेळेच्या गोळ्या एका पारदर्शक कप्प्यात, मागून चंदेरी कागद चिकटवलेला. कप्पा दाबला की कागद फाटतो आणि गोळी हातात येते. वापरलेलं कार्ड परत आलं की कोण काय विसरलं ते कळतं. मला हे काम आवडतं.

गल्लीतल्या मास्तरांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या काकू, वारल्या आणि मास्तरांच्या गोळ्यांचा पार बट्ट्याबोळ झाला.

"आता एकदा जरी चुकलं, तरी बाबांना मी माझ्याकडे नेणार," लेकीने बजावलं. मास्तरांना घर सोडायचं नव्हतं. म्हणून कार्ड सुरू केलं.

पहिलंच कार्ड पूर्ण रिकामं आलं. पण कागद कुठेच फाटलेला नव्हता. प्रत्येक कप्प्यामागे तो तीन बाजूंनी नखाने कापून झडपेसारखा उघडला होता.

"मास्तर, हात तर तुमचे थरथरतात. एवढी सफाई कुठून आली?"

"ही देते ना काढून. मला फक्त तोंड उघडायचं असतं."

लेक हसली. "सवयीने बोलतात हो. घरात असतंय कोण?" मग तिने कार्ड उलटून पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. "आई अशीच उघडायची."

मी जाड कागद लावून पाहिला. झडपा तशाच. मास्तरांचं ब्लडप्रेशर मात्र ताळ्यावर आलं, चेहऱ्यावर तजेला आला. मी विचारणं सोडून दिलं.

गेल्या आठवड्यात एक कप्पा भरलेलाच परत आला.

"शेवटी विसरलातच ना, बाबा!" लेक रडवेली झाली.

"विसरलो नाही. ही म्हणाली, ही गोळी नको."

मी कप्पा उजेडात धरला. पांढरी, गोल, मधोमध रेघ. त्यांच्या गोळीसारखीच, पण ती नव्हे. शेजारच्या डब्यातली. ही त्यांना सोसली नसती.

"चूक माझी आहे," मी लेकीला सांगितलं. "बाबांना राहू द्या इथेच."

मास्तर खुशीत घरी गेले. मलाही हलकं वाटलं.

आज दुपारी दुकानात मी एकटीच होते. एक कार्ड सील केलं, टेबलावर ठेवलं आणि पाणी प्यायला आत गेले.

परत आले, तर एका कप्प्यामागच्या कागदावर नखाची बारीक रेघ.

उघडून पाहिलं. एक गोळी जास्त होती.

कार्ड मास्तरांचं नव्हतं.