नळीची आतली बाजू

गळाला लावायची मऊ प्लास्टिकची नळी बनवायला फार काही लागत नाही. एक जुनं पातेलं, मंद आच, बोटाएवढ्या जाडीची पोलादी सळई आणि धीर. पहिल्या रविवारी हे मी अक्षताला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "धीर कोणत्या दुकानात मिळतो, गुरुजी?"

अक्षता नऊ वर्षांची. परतूरला माझ्या घरासमोर तिचं घर. आईबाप कारखान्यावर ऊसतोडीला गेले की ती आणि तिची आजी झुंबरबाई, दोघीच असतात. मी अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मूल समोर बसलं की अजूनही मला सगळं पहिल्यापासून सांगावंसं वाटतं.

तर कृती अशी. पातळ प्लास्टिक आधी दुधासारखं पांढरं असतं. तापत गेलं की पाकासारखं दाट आणि पारदर्शक होतं. मग रंग घालायचा. हे सगळं उघड्या पडवीत, धुराकडे पाठ करून. सळईला तेलाचा हात लावायचा, बुडवायची, तीन आकडे मोजायचे, काढायची. असं तीनदा. गार झाली की नळी ओढून काढायची आणि उघड्या टोकाला ब्लेडने झिरमिळ्या कापायच्या. पाण्यात त्या हलल्या की मरळ मासा झेप घेतो.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं?" मी विचारायचो.

"पाणी जवळ आणायचं न्हाई. एक थेंब पडला तर पातेलं उडतं."

"बराबर."

मी काही फेकत नाही. माशांनी फाडलेल्या नळ्या पुन्हा वितळवतो. या मे महिन्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं आणि आमचं बुडालेलं जुनं गाव एकोणीस वर्षांनी उघडं पडलं. अक्षताला घेऊन मी बघायला गेलो. शाळेचा चौथरा गाळातून वर आला होता. एक भिंत आणि खिडकीचे गज शिल्लक होते. जालन्याची पोरं नावेतून गळ टाकतात, त्यांच्या तुटलेल्या नळ्या त्या गजांत अडकून राहिल्या होत्या. लाल, हिरव्या, काळ्या. आम्ही पिशवीभर गोळा केल्या. अक्षताला केवढा आनंद झाला. मी मात्र खिडकीतून आत बघायचं टाळलं.

त्या नळ्या वितळवल्या तेव्हा रंग मिसळून करडा झाला. अक्षताने पहिली सळई बुडवली. नळी ओढून काढताना ती उलटी झाली, मोज्यासारखी, आतली बाजू बाहेर.

"गुरुजी, ह्याला रेषा हायेत."

सळई गुळगुळीत आहे. मी ती स्वतः घासली आहे. नळीच्या आतली बाजूही तशीच गुळगुळीत यायला हवी. पण तिथे दोन ठिकाणी आडव्या घड्या होत्या, बोटाच्या पेरांवर असतात तशा. बंद टोकाला एका बाजूने नखाची कड होती. दुसऱ्या बाजूला बारीक गोल गोल रेषा.

"तू बोट घातलंस?"

"न्हाई हो. गरम असतंय ना. तुम्हीच तर सांगितलं."

नळीच्या तळाशी पाण्याचा एक थेंब होता. सळई ओली असती तर प्लास्टिक तडतडलं असतं. ते तडतडलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी आणखी एक आली, जरा लांब. मधलं बोट. तिसऱ्या रविवारी करंगळी. मी बुडवलेल्या नळ्या साध्या यायच्या. अक्षताच्या हातच्या प्रत्येक वेळी एकच तशी, बाकी साध्या. मी सळया बदलल्या, पातेलं बदललं, तेल बदललं. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने जे करायला हवं ते सगळं केलं.

चौथ्या रविवारी जी नळी आली ती आखूड होती. टोकाला नख नव्हतं. तिथे चुण्या पडून कातडी एकत्र आल्यासारखी दिसत होती.

मी स्टुलावर बसलो.

हे बोट मला माहीत होतं. कडबा कापायच्या यंत्रात टोक गेलेलं ते बोट उजव्या हाताचं. तर्जनी वापरता येत नाही म्हणून मधलं बोट आणि अंगठा यांच्यात पेन्सिल धरायला मीच शिकवलं होतं. तीन महिने रोज तो हात माझ्या हातात धरून पाटीवर गिरवून घेतलं होतं. दीपमाला. झुंबरबाईची मुलगी. तिसरीत होती.

पाणी चढायला लागलं तेव्हा शाळा इथे परतूरच्या नव्या गावठाणात हलवली. त्या सकाळी तिथे हजेरी घ्यायला बसलो आणि हजेरीपट जुन्या शाळेतच राहिल्याचं लक्षात आलं. दीपमाला सगळ्यात चपळ. मी म्हणालो, "जा पळत, घेऊन ये." दुपारपर्यंत ओढ्यावर पाणी आलं. लोक तीन दिवस शोधत होते, पण ती सापडली नाही. ती बाहुली आणायला गेली असेल, असं कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी तेच धरलं. मी काही बोललो नाही. एकोणीस वर्षं झुंबरबाईच्या समोरच राहतो आणि बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई पडवीत आली. हातात चारही नळ्या होत्या. अक्षताने खेळायला घरी नेल्या होत्या.

"गुरुजी, हे काय बनवून राह्यलात तुम्ही?"

"मासे धरायच्या नळ्या."

तिने आखूड नळी उलटी करून माझ्यासमोर धरली. "ही माझ्या लेकीची हाय. ह्या बोटाला मी हळद लावल्ती."

ती रडली नाही. पायरीवर बसली आणि पदरातून रेशन कार्ड काढलं. घडी घालून घालून ते मधोमध फाटलं होतं. त्यावर दीपमालाचं नाव होतं. झुंबरबाईने ते कधी कापू दिलं नव्हतं.

"आता म्हणतेत, घरातल्या सगळ्यांचा आंगठा मशीनवर लागला पाहिजे. ई-केवायसी. न्हाई लागला तर नाव जाणार. पुढचा सोमवार शेवटचा." ती माझ्याकडे बघत राहिली. "चार बोटं आली. आंगठा कधी येतो?"

"झुंबरबाई, तसं नसतं."

"मंग कसं असतं? तुम्ही शिकलेले. सांगा."

त्या रविवारी अक्षताने अकरा सळया बुडवल्या. सगळ्या साध्या आल्या. पातेल्यात एकाच नळीपुरतं प्लास्टिक उरलं. झुंबरबाई सकाळपासून पायरीवर बसून होती.

"आजी, आता गुरुजींना बुडवू दे," अक्षता म्हणाली. "त्यांची नळी लई चांगली येते."

मी सळई घेतली. तेल लावलं. पुन्हा खाली ठेवली.

"अक्षता, घरी जा बाळा. पाणी पिऊन ये."

ती गेली. मी पातेल्याकडे बघतच बोललो.

"ती बाहुली आणायला गेली नव्हती. हजेरीपट आणायला मी पाठवलं होतं."

रेल्वे फाटकावरून मालगाडी गेली. तिचे डबे संपले.

"मी तिला मारलं व्हतं त्या सकाळी," झुंबरबाई म्हणाली. "बाहुलीवरून. मला वाटलं, माझ्यामुळं गेली."

मग म्हणाली, "बुडवा."

मी बुडवलं. तीन आकडे. तीनदा.

नळी गार झाल्यावर तिनेच ओढून काढली. उलटी केली. मी बघितलं नाही. तिच्या तळव्यातून मनगटावर पाण्याचा ओघळ आला, तेवढं दिसलं.

सोमवारी दुपारी अक्षता पळत आली. "गुरुजी, झालं! आजीनं ती नळी आंगठ्यात घातली अन् मशीनवर ठेवली. दुकानदार हसत व्हता. मशीन हिरवं झालं अन् त्याचं हसू बंद झालं."

तिने पावती दाखवली. दीपमालाच्या नावापुढे लिहिलं होतं, पडताळणी पूर्ण.

सगळ्या सळया मी कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. पातेलं घासून उपडं ठेवलं. अक्षताला म्हणालो, आता आपण पतंग करू.

मंगळवारी सकाळी दार उघडलं. आदल्या दिवसाचं ऊन साठवलेला ओटा अजून कोमट होता. ओट्यावर हजेरीपट होता.

लांबट, निळ्या कापडी पाठीचा. मुखपृष्ठावर माझं अक्षर, इयत्ता तिसरी. कागद कोरडा होता, कडा सरळ होत्या. जणू टेबलावरून नुकताच उचलून आणला असावा. मी समोर बघितलं. झुंबरबाईचं दार बंद होतं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

आत बसून मी शेवटचं पान उघडलं. बावीस मुलांची नावं, त्यांच्यापुढे रोजचा 'ह', माझ्या हातचा. त्या दिवसाचा रकाना कोराच असायला हवा होता. पट नव्हता, म्हणून त्या दिवशी मी कोणाचीच हजेरी मांडली नव्हती.

एकवीस चौकोन कोरे होते.

बाविसाव्यात, दीपमालाच्या नावापुढे, जांभळ्या शाईचा अंगठा होता. लहान नव्हता. वाढलेल्या, पुऱ्या बाईचा होता.

मी त्यावर बोट ठेवलं. शाई बोटाला लागली.